सोळा इंची लाकडं

टॅनर क्रीक रोड, आल्डर फ्लॅट
१२ ऑक्टोबर

मार्लिस,

तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले. मी मोजत बसलेलो नाही. तू गेलीस त्याच दिवशी कॅलेंडरवर माझ्या दाताच्या डॉक्टरची वेळ लिहिलेली होती, म्हणून तारीख लक्षात राहिली. दात अजून तसाच आहे.

फ्रिजवर लावलेली तुझी चिठ्ठी मी काढलेली नाही. 'ऑरिन, या शेगडीच्या धुरात मला आणखी एक हिवाळा काढवणार नाही. डॉक्टर सांगतोय, मीही तीन वर्षं सांगतेय. जाते.' बावीस वर्षांच्या संसारावर एवढा मजकूर! वाण्याला लिहिलेली यादी याहून लांब असते तुझी.

धूर म्हणे. अगं, धूर काय आज आला? माझ्या बापाने याच घरात, लाकडाच्याच शेगडीवर आम्हा पाच भावंडांना वाढवलं. अलास्कात माणूस जन्मतो तो धुराच्या वासात. आणि तो डॉक्टर 'बाहेर'चा, अलास्काच्या बाहेरून आलेला, त्याला मुळात थंडी म्हणजे काय तेच माहीत नाही. त्याचा कागद मी वाचला. कागदावर काहीही लिहिता येतं.

खरं कारण मला ठाऊक आहे. खरं कारण पावणेसहा फूट उंच आहे, ओहायोहून आलेलं आहे आणि त्याच्या खिशात दोन सुयांचं यंत्र असतं.

ऑगस्टच्या जत्रेत वेंडेल स्ट्राउटने चारचौघांत माझ्या बर्चच्या ओंडक्यात त्या सुया खुपसल्या, तो दिवस मी विसरलेलो नाही. "चौतीस टक्के ओल, मिस्टर टॅकेट. वीसच्या आत हवी." आवाज असा की जणू मला ताप आहे आणि तो माझी काळजी करतोय. कौन्सिलच्या हवा विभागात चार वर्षं नोकरी करून हा मला लाकूड शिकवणार! पण मला झोंबलं ते वेगळंच. तू मान वळवून त्याला विचारलंस, "मग वाळायला किती महिने लागतात?" ज्या मनापासून विचारलंस ना, तसं माझ्याकडे वळून तू शेवटचं काय विचारलं होतंस, हे मी गेले दोन महिने आठवतोय. आठवत नाही.

तुझी बहीण म्हणते, तू त्याच्या घरात फक्त एक खोली भाड्याने घेतली आहेस. असेल. आल्डर फ्लॅटमधल्या बाकी सगळ्या खोल्यांना बहुतेक आग लागली असावी.

ग्रेव्ही कसा आहे? कुत्रा तरी माझ्या बाजूने राहील असं वाटलं होतं.

ऑरिन


६ नोव्हेंबर

मार्लिस,

उत्तर आलं नाही. पोस्टात हरवलं असेल.

परवा शाळेच्या हॉलमधल्या सभेत तू तिसऱ्या रांगेत होतीस. मी पाहिलं नाही असं समजू नकोस. मी उभा होतो मागे, बर्निस कोवाकच्या टेबलाजवळ, सह्यांचे कागद घेऊन. आठशे बारा सह्या झाल्यात, नऊशे हव्यात. बर्निसने तिच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारीच टेबल मांडलंय. खिळे घ्यायला आलेला माणूस सही केल्याशिवाय सुटत नाही. ठराव साधा आहे. वॉशिंग्टनचा नियम दाखवून आमच्या कौन्सिलने आमच्या घरातल्या शेगडीवर बंदी घालायची नाही, दंड लावायचा नाही. आमची हवा आमची आम्ही बघू. यात चुकीचं काय आहे ते मला एकदा सांग.

ती पडद्यावरची वॉशिंग्टनची बाई तूही पाहिलीस. तिच्यामागच्या खिडकीत झाडाला पानं होती. नोव्हेंबरात! म्हणाली, "तुमच्या अडचणींची आम्हाला पूर्ण कल्पना आहे." बर्निस उठली.

"बाई, तुमच्याकडे आत्ता थंडी किती?"

"आज जरा बरं आहे, हवा छान आहे."

"इथे उणे अठरा आहे. अजून हिवाळा सुरू व्हायचाय. तुम्ही तिथे बिनस्वेटरच्या बसून आम्हाला आमची शेगडी विझवायला सांगताय. विझवली, तर आम्हाला काय पाठवाल, पत्र?"

हॉल नुसता दणाणला. हसू तुलाही आलं, खांदे हलताना दिसले मला. हवेत धूर किती चालेल, त्याचा सगळ्या देशाला एकच आकडा. फ्लोरिडालाही तोच, आम्हालाही तोच. इथे डिसेंबरात गार हवा दरीवर झाकणासारखी बसते, आठ-आठ दिवस हलत नाही, याचं त्यांच्या फाइलीत कुठे नाव आहे? नाही जमलं तर म्हणे रस्त्यांचा निधी अडवू. ही काय बोलायची रीत झाली?

मग तुझा वेंडेल उठला. (तुझा नाही म्हणशील. बरं, भाड्याचा.) मला वाटलं, आता त्या बाईची री ओढेल. तर म्हणतो काय, "वॉशिंग्टनने दिलेली मुदत चुकीची आहे. इतक्या लवकर होणारं हे काम नाही, तसं मी लेखी कळवलंय. पण हवा मी स्वतः मोजतो. हॉस्पिटलच्या छपरावर पेटी आहे, कोणीही येऊन आकडा बघावा. आकडा वॉशिंग्टनचा नाही, आपला आहे."

मला त्याचा राग आला, तो खोटं बोलला असता तर इतका आला नसता. माणसाने एक तर धड शत्रू असावं.

आणि तू टाळ्या वाजवल्यास. दोन. मी मोजल्या.

ऑरिन


९ डिसेंबर

मार्लिस,

तळघरात ब्लूबेरीच्या जॅमच्या चौदा बाटल्या आहेत. त्या तू केल्यास, पण बेरी आपण दोघांनी तोडल्या होत्या, म्हणून सात बर्निसच्या दुकानात ठेवल्यात. घेऊन जा. वेंडेलला देऊ नकोस. दिलास तरी मला सांगू नकोस.

सह्या झाल्या, नऊशे सत्तर. मार्चमध्ये मतदान.

मंगळवारी तुम्ही दोघं किराणा दुकानात होतात. तो हातगाडी ढकलत होता आणि तू डबे वाचून ठेवत होतीस. एक डबा त्याने घेतला, तू परत ठेवलास, तो काहीतरी बोलला आणि तू हसलीस. मी दारातूनच परत फिरलो. घरी कॉफी नव्हती, अजूनही नाही. आठवडाभर गरम पाणी पितोय आणि त्याचं खापर मनातल्या मनात त्याच्यावर फोडतोय.

तुला एक विचारायचं आहे. बावीस हिवाळ्यांत तुझे पाय एकदा तरी गार फरशीला लागले? झोपायला जाताना शेवटची तीन लाकडं मी तुझ्यासाठी टाकायचो. मुद्दाम डावीकडच्या राशीतली, नुकती तोडलेली, जाड, सालीसकट. उजवीकडचं दोन वर्षं वाळलेलं लाकूड तासा-दोन तासांत भडकून संपतं. ओलं टिकतं. ती टाकायची, झडप जवळजवळ बंद करायची, की सकाळपर्यंत धुगधुगी राहते. सहाला तू उठायचीस तेव्हा स्वयंपाकघर उबदार. बापाने शिकवलं मला हे. तो आईसाठी करायचा. तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. आता बोलतोय, कारण दुसरं काही उरलं नाही.

तुझा वेंडेल करतो का असं कोणासाठी? त्याच्याकडे तेलाचा हीटर, बटण दाबलं की झालं. आणि ती कोपऱ्यातली सरकारमान्य शेगडी! सोळा इंचाच्या वरचं लाकूड आत जात नाही म्हणे. माझ्या शेगडीत चोवीस इंची ओंडका आडवा जातो. त्याचं ते खेळणं आहे, बाहुलीची बिस्किटं भाजावीत त्यावर.

रात्री खोकला येतो का अजून? सहज विचारलं.

ऑरिन


२२ जानेवारी

मार्लिस,

शनिवारबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर तू काहीतरी भलतंच समजून बसशील.

चार महिन्यांनी तुझा आवाज फोनवर ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर "ऑरिन, लाकडं आण."

"का? तिकडची संपली?"

"वीज गेलीय सकाळपासून. हीटर बंद. घरात तोंडातून वाफ निघतेय. उणे चव्वेचाळीस आहे, माहितेय ना?"

"त्याच्याकडे लाकडं नाहीत?"

"अकरा आहेत."

अकरा! कोरड्या लाकडावर सोळा पानांचं पुस्तक छापणाऱ्या माणसाच्या ओसरीवर अकरा लाकडं! मी हसलो, तू फोनवर ऐकलं असशील. पण गाडी काढली. कितीही वैर असो, थंडीत लाकूड मागणाऱ्याला इथे कोणी नाही म्हणत नाही. माझ्या बापाने त्याच्या सख्ख्या वैऱ्याला ट्रकभर दिलं होतं.

करवतीने आखूड करून, सोळा इंची करून आणली, तेवढी तरी माणुसकी मान्य कर. वेंडेल दारात मोज्यांवर मोजे घालून उभा होता. मी म्हटलं, "काढ तुझ्या सुया, तपास." तर म्हणाला, "तुम्ही अकरा मैल आणलीत, मिस्टर टॅकेट. तुमची लाकडं काय तपासायची?" आणि स्वतःच वाहायला लागला.

सुरुवातीला धूर झाला, तो झालाच. खालच्या लाकडांना ट्रकमधला बर्फ लागला होता, मी तेव्हाच सांगितलं. म्हणून परत घरी जाऊन दुसरी आणली. एवढंच झालं.

मधे मी धुराडं बघायला बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा तुझ्या खोलीचं दार उघडं होतं. तुझी एकटीची खाट. खिडकीत तुझी वेगळी किटली, तुझा एकच कप, दाराला आतून कडी. भिंतीवर भाड्याच्या पावत्या टाचणीला लावलेल्या. ग्रेव्ही तुझ्या खाटेखाली. मला इतका आनंद झाला मार्लिस, की मी चौकटीला धरून उभा राहिलो. सप्टेंबरपासून मी तुला त्याची समजत होतो, आणि तू फक्त भाडेकरू होतीस. तुझी बहीण खरं सांगत होती. तूही खरं सांगत होतीस.

मग तू खोकायला लागलीस.

त्याबद्दल लिहायचं होतं, पण ट्रक गरम करायला जायचंय.

ऑरिन


१८ फेब्रुवारी

मार्लिस,

बर्निसचं पत्रक तू पाहिलं असशीलच, गावातल्या प्रत्येक खांबावर आहे. वेंडेलचं घर, धुराड्यातून करडा, जाड धूर, आणि खाली लिहिलंय, 'तुम्हाला दंड लावणाऱ्याचं घर.' फोटो कोणी काढला म्हणून सगळे विचारतात. बर्निस डोळे मिचकावते. मला काय माहीत.

पूर्वी ज्यांनी सही करायला टाळाटाळ केली तेही आता आमच्या बाजूने बोलतात. "आम्हाला शहाणपण शिकवतात आणि स्वतः बघा!" सगळ्यांच्या तोंडी हेच. ठराव जिंकणार असं दिसतंय. जिंकायलाच हवा. माणसाने स्वतःच्या घरात विस्तव पेटवायला चार हजार मैलांवर परवानगी मागायची, हे मला अजूनही पटत नाही.

कळलं की कौन्सिलने वेंडेलला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. वीज गेली असताना शेगडी लावायला हरकत नाही, पण ओलं लाकूड कधीच चालत नाही, हा नियम त्यानेच लिहिला होता म्हणे. त्याने सांगितलं का, लाकडं कुठून आली ते? बर्निस म्हणते, नाही सांगितलं. "लाकडं मी तपासली नाहीत, चूक माझी," एवढंच म्हणाला.

मला आनंद व्हायला हवा होता. ज्या माणसावर सहा महिने जळफळलो त्याची खोड मोडली, आणि माझ्या तोंडाला चव नाही.

तू गुरुवारी दुकानात आली होतीस असं बर्निस सांगत होती. पत्रक गल्ल्यावर ठेवून म्हणालीस, "हा धूर त्या घराचा नाही. हा धूर मी ओळखते." आणि जॅमच्या बाटल्या न घेता गेलीस. बर्निस हसली. मी हसलो नाही.

शेवटची तीन लाकडं टाकणं मी बंद केलंय. सकाळी फरशी फार गार असते.

ऑरिन


१२ मार्च

मार्लिस,

आपण जिंकलो. आम्ही जिंकलो असं लिहायला हवं. बाराशे चार विरुद्ध अकराशे त्रेसष्ट. एक्केचाळीस मतं.

आता सांगतो.

लाकडांना बर्फ लागलेला नव्हता. तुझा फोन ठेवला, अंगणात गेलो, आणि दोन राशींच्या मधे उभा राहिलो. उजवीकडे वाळलेली, टोकांवर खडूने वर्ष लिहिलेली. डावीकडे सप्टेंबरात पाडलेली, ज्यातून अजून पाणी निघतं. मी डावीकडून भरली. वर दोन थर उजवीकडचे ठेवले, म्हणजे कोणाला कळू नये. करवतीने सोळा इंची केली तेव्हा ब्लेडला ओला भुसा चिकटत होता, तो पुसला. चुकून काही झालं नाही. हे सगळं करताना माझ्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातली ती हातगाडी होती.

म्हटलं होतं, त्याच्या धुराड्यातून असा धूर काढीन की समोरच्या हॉस्पिटलवरची त्याचीच पेटी ओरडेल. धुराडं बघायला नाही, फोटो काढायला बाहेर गेलो होतो. ट्रकमध्ये बसून काढला आणि तिथूनच बर्निसला पाठवला. मग आत आलो आणि तुझी खोली पाहिली.

तू भाडेकरू होतीस, हे कळून मी किती खूश झालो ते मागे लिहिलंच आहे. त्या आनंदात पुरता अर्धा मिनिटही गेला नसेल. तू खोकलीस. टेबल धरून वाकलीस, दुसरा हात छातीवर. ग्रेव्ही खाटेखालून बाहेर आला आणि तुझ्या पायाला चिकटून बसला, जसा आपल्या घरी बसायचा. वेंडेलने उणे चव्वेचाळीसमध्ये खिडकी सताड उघडली आणि तुझी ती श्वासाच्या औषधाची निळी पिचकारी शोधायला धावला. ती कुठे असते हे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

हा खोकला मी तीन वर्षं ऐकला होता. मी त्याला तुझं नाटक म्हणायचो, थंडी म्हणायचो, वय म्हणायचो. त्या दिवशी पहिल्यांदा धूर मी जाणूनबुजून केला होता, म्हणून पहिल्यांदा खोकलाही नीट ऐकला. धूरही तोच होता. त्याच राशीतला. रोज झोपताना तुझे पाय गार पडू नयेत म्हणून जी तीन लाकडं टाकत होतो, तीच ती.

चार महिने मला दोष द्यायला कोणीतरी पुरुष हवा होता मार्लिस. पुरुष असता तर त्याच्याशी भांडलो असतो, त्याला हरवलं असतं, तुला परत आणलं असतं. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस तेच खरं होतं, तर मग मी कोणाशी भांडणार होतो?

आणखी एक आठवलं. मी पहिल्या पत्रात लिहिलं की आम्ही पाचजण याच धुरात वाढलो. आई रोज सकाळी खोकायची. आम्हा मुलांना ती आई उठल्याची खूण वाटायची. तो आवाज आला की आम्ही पांघरुणातून बाहेर यायचो. ती एकावन्नव्या वर्षी गेली आणि बाप म्हणाला, थंडी तिला मानवली नाही.

काल बर्निसच्या दुकानात विजयाची न्याहारी होती. आंबट पिठाचे पॅनकेक, मूस हरणाच्या मांसाचे सॉसेज, सत्तरएक माणसं. मला म्हणाले, दोन शब्द बोल. मी उभा राहिलो आणि सांगितलं. लाकडं माझी, ओली मी निवडली, फोटो मी काढला, त्या माणसाची चूक एवढीच की त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

बर्निसचा पॅनकेक तव्यावर जळला तरी तिने उलटला नाही.

"हे तू आज सांगतोयस?" ती म्हणाली.

"हो."

"परवा का नाही सांगितलंस?"

"परवा सांगितलं असतं तर आपण हरलो असतो."

"मग आज तरी कशाला तोंड उघडलंस रे? आज कोणाचं भलं झालं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बायको परत यावी म्हणून चाललंय हे." मी वळून बघितलं नाही. तसं असेलही थोडंसं. पण टोपी उचलली आणि निघालो, बर्निसने हाक मारली नाही. मोठा ट्रक होता माझा तिच्या दारात, गाडी मागे घेताना सगळे काचेतून बघत होते.

तुला वाटेल, हा आता वॉशिंग्टनच्या बाजूचा झाला. नाही झालो. उद्या परत मतदान घेतलं तर खूण परत तिथेच करीन. त्या बाईने इथे येऊन अख्खा जानेवारी काढावा, मग आकडा सांगावा. पण डावीकडून लाकडं उचल, असं काही वॉशिंग्टनने मला सांगितलं नव्हतं. आमची हवा आमची आम्ही बघू, असं मीच म्हणत होतो ना? माझ्या घरातली हवा तीन वर्षं माझ्याच हातात होती. बघितली नाही.

सोबत दुसरा कागद आहे, सही केलेला, वेंडेलच्या कचेरीच्या नावे. यात सगळं आहे, राशींसकट. मी स्वतः नेऊन देणार होतो, पण मग विचार केला, आधी तू वाच. तुला योग्य वाटेल तसा दे. वर्तमानपत्रात दिलास तरी चालेल. वाईट वाटेल, पण चालेल.

ऑरिन


२९ एप्रिल

मार्लिस,

तू कागद पोचवलास हे कळलं, कारण रविवारी वेंडेल स्ट्राउट माझ्या अंगणात उभा होता. परत कामावर घेतलंय त्याला. मला वाटलं, मारायला आलाय. मी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली, म्हणजे त्याची पंचाईत नको. तो राशींपर्यंत चालत गेला. मग म्हणाला, "त्या शनिवारी मार्लिसना हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं, मिस्टर टॅकेट."

"माहितेय."

"तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

मग त्याने खिशातून ते यंत्र काढलं आणि उजवीकडच्या राशीकडे बोट केलं. मी म्हटलं, तपास. सतरा टक्के. मग डावीकडे गेला. तिथे आता काही नाही, नुसती ओली माती आहे. ती रास मी फोडून, नीट रचून, उन्हाच्या बाजूला ठेवलीय, वरून पत्रा टाकलाय. टोकांवर खडूने तारीख घातलीय. सप्टेंबरच्या आधी हात लावायचा नाही.

त्याने त्यातलं एक लाकूड उचललं, हातात फिरवून बघितलं. "तुमच्या शेगडीला चोवीस इंची लागतात ना? ही सगळी आखूड का?"

मी म्हटलं, मोजताना चुकलो.

जॅमच्या बाटल्या बर्निसच्या दुकानातून परत आणल्यात, तिने दारातच हातात दिल्या. तुझ्या बहिणीकडे ठेवतो. दात काढला. ग्रेव्हीला अंगणातलं जुनं हाड पाठवतोय.

लाकडं सप्टेंबरात घेऊन येईन. तुझ्या दारात रचून ठेवीन आणि जाईन, आत बोलावू नकोस.

मार्लिस, मी मोजताना चुकलेलो नाही. सगळी सोळा इंची आहेत.

ऑरिन